आयन ट्रॅप आणि चुंबकीय फिल्म: एकाच माणसाला दोन्ही का जमतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका भौतिकशास्त्रज्ञाच्या संशोधनविषयांत ‘आयन ट्रॅप’ आणि ‘चुंबकीय पातळ थर’ ही दोन नावं शेजारी शेजारी दिसली. एकीकडे निर्वातात क्षेत्रांच्या सापळ्यात लटकलेला एकटा विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, दुसरीकडे घन पदार्थाचा थर, म्हणजे फिल्म. यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, की जशी संधी मिळाली तशी वाट बदलत गेली? आणि एम.एस्सी. नंतर दोन्हींत काम करायचं म्हटलं तर ते शक्य आहे का?

संबंध आहे, पण पाठ्यपुस्तकात तो सापडणार नाही. पुस्तकात आयन ट्रॅप अणुभौतिकीच्या प्रकरणात येतो आणि चुंबकीय फिल्म घनस्थिती भौतिकीच्या. प्रयोगशाळेत मात्र दोन्हीकडच्या माणसाचा दिवस एकाच गोष्टीमागे जातो: निर्वातातला पृष्ठभाग आणि त्याचे वरचे दोन-चार नॅनोमीटर. मी दोन्ही बाजूंना काम केलं आहे. फिल्म बनवणारा माणूस ट्रॅपकडे गेला तर तो निम्मी वाट आधीच चालून आलेला असतो, असं माझं मत आहे. उलट्या दिशेने येणाऱ्याला थोडं जास्त शिकावं लागतं. हे का, ते सांगतो.

सुरुवात एका नावापासून करू. फ्रान्स पेनिंग हे आइंडहोव्हनला फिलिप्सच्या प्रयोगशाळेत वायूंमधल्या विद्युत विसर्जनावर काम करत. विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांना काटकोनात ठेवली, की इलेक्ट्रॉन सरळ ॲनोडवर जाऊन आपटत नाही. तो गिरक्या घेत बराच काळ आतच राहतो आणि तेवढ्या वेळात कितीतरी जास्त वायूअणूंचे आयन करतो. 1930 च्या दशकात त्यांनी या युक्तीवर निर्वात मोजणारा गेज बनवला आणि तिच्याच आधारे धातूचे थर चढवण्याचं पेटंटही घेतलं. आजचं मॅग्नेट्रॉन स्पटरिंग, म्हणजे आयनांच्या माऱ्याने अणू उडवून थर चढवण्याची पद्धत, याच घराण्यातलं. पुढे हान्स डेमेल्ट यांनी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या जोडीने इलेक्ट्रॉन अडकवणारा सापळा बांधला, तेव्हा त्याला पेनिंग यांचंच नाव दिलं. ट्रॅपच्या चेंबरवर निर्वात राखायला बसवलेला आयन पंप उघडून पाहिलात तर त्यातही पेनिंग सेलच दिसतील. म्हणजे फिल्म चढवणारं यंत्र, पेनिंग ट्रॅप आणि पंप, तिन्हींच्या मुळाशी एकच कल्पना.

आता ट्रॅपबद्दल. सॅम्युएल अर्नशॉ यांनी 1842 मध्ये दाखवलं, की फक्त स्थिर विद्युतक्षेत्र वापरून विद्युतभार एका जागी स्थिर धरून ठेवता येत नाही. एका दिशेने धरला तर दुसरीकडून निसटतो. यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. एक, सोबत चुंबकीय क्षेत्र द्यायचं. तो पेनिंग ट्रॅप. दुसरा, विद्युतक्षेत्र सतत उलटसुलट करत राहायचं. तो बॉनच्या वोल्फगांग पाउल यांनी 1950 च्या दशकात विकसित केलेला पाउल ट्रॅप. नोबेल व्याख्यानात पाउल यांनी फिरत्या खोगिरावर गोळी टिकते हे दाखवलं होतं: खोगीर थांबलेलं असेल तर गोळी घरंगळते, योग्य वेगाने फिरवलं तर मध्येच राहते. पाउल आणि डेमेल्ट यांना 1989 मध्ये नोबेल मिळालं.

प्रत्यक्षात आकडे साधारण असे असतात. इलेक्ट्रोडवर काहीशे व्होल्ट, वारंवारता 20 ते 40 मेगाहर्ट्झ, आणि त्यात आयन सुमारे 1 मेगाहर्ट्झने डोलतो. कॅल्शियम-40 चा आयन 397 नॅनोमीटरच्या लेझरने थंड करतात, आणि तो भलत्या पातळीत अडकून पडू नये म्हणून सोबत 866 नॅनोमीटरचा लेझर ठेवतात. एकटा आयन सेकंदाला कोटीच्या घरात फोटॉन विखुरतो, त्यामुळे बरी लेन्स आणि कॅमेरा असेल तर तो पडद्यावर ठिपक्यासारखा दिसतो. एकट्या बेरियम आयनाचं असं छायाचित्र हायडलबर्गमध्ये 1980 मध्येच घेतलं गेलं होतं.

फिल्मच्या बाजूला आकड्यांची जात वेगळी असते. चेंबर आधी 10⁻⁸ मिलिबारपर्यंत उतरवायचा, मग 10⁻³ मिलिबारच्या आसपास आर्गॉन सोडायचा, आणि त्याच आर्गॉनच्या आयनांनी टार्गेटवरचे, म्हणजे मूळ धातूच्या तबकडीवरचे, अणू उडवून सब्स्ट्रेटवर, म्हणजे ज्यावर थर चढवायचा त्या तुकड्यावर, बसवायचे. कोबाल्ट-प्लॅटिनमची बहुस्तरी फिल्म घ्या. आधी टँटलमचा पायाथर, मग प्लॅटिनम, त्यावर अर्ध्या नॅनोमीटरहून कमी कोबाल्ट, पुन्हा प्लॅटिनम, आणि हे आलटून पालटून. एवढ्या पातळ कोबाल्टचं चुंबकन, म्हणजे त्यातल्या चुंबकत्वाची दिशा आणि घनता, फिल्मच्या प्रतलात न राहता प्रतलाला काटकोनात उभं राहतं, कारण त्याची दिशा आता कोबाल्टचा आतला गाभा ठरवत नाही, प्लॅटिनमशी लागून असलेली सीमा ठरवते. पृष्ठभागामुळे असं होऊ शकतं, हे लुई नील यांनी 1954 मध्येच सांगितलं होतं. सीमा जरा खडबडीत झाली किंवा अणू एकमेकांत मिसळले, की तोच कोबाल्ट आडवा पडतो. शटर किती सेकंद उघडं होतं, यावर चुंबकाची दिशा ठरते!

इथे मोजमापातला एक धोका जवळून दाखवतो, कारण नव्या विद्यार्थ्याला तो हमखास भेटतो. समजा 5 मिलिमीटर बाय 5 मिलिमीटर सॅम्पलवर परमॅलॉय आहे. परमॅलॉय म्हणजे सुमारे 80 टक्के निकेल आणि 20 टक्के लोखंड. त्याचं संपृक्त चुंबकन मीटरला सुमारे 8 लाख अँपिअर. 0.2 नॅनोमीटरच्या, म्हणजे जेमतेम एका अणुथराच्या, फिल्मचं चुंबकीय आघूर्ण, म्हणजे चुंबकन गुणिले आकारमान, काढलं तर 4×10⁻⁹ अँपिअर-वर्गमीटर येतं. आता 20 मायक्रॉन बाजू असलेला लोखंडाचा एक कण घ्या. लोखंडाचं चुंबकन 17 लाख धरलं, तर या कणाचं आघूर्ण सुमारे 1.4×10⁻⁸ येतं. म्हणजे डोळ्याला न दिसणारा एक कण तीन अणुथरांपेक्षा जास्त सिग्नल देतो. असा कण येतो कुठून? स्टीलच्या चिमट्यातून, सॅम्पलच्या कडेला ओरखडा उठताना. 2004 मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या फिल्ममध्ये चुंबकत्व दिसल्याचं प्रसिद्ध झालं. हाफ्नियम ऑक्साइड मुळात चुंबकीय नाही, म्हणून बरीच खळबळ झाली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं, की स्टीलच्या चिमट्याने हाताळलेल्या सॅम्पलमध्ये तसाच सिग्नल येतो, आणि तसं न हाताळलेल्यात येत नाही. तेव्हापासून चुंबकीय प्रयोगशाळेत प्लास्टिकचा किंवा टायटॅनियमचा चिमटा वापरणं ही शिस्त मानली जाते. सिलिकॉन सब्स्ट्रेट क्षेत्राला किंचित उलटा प्रतिसाद देतो, तो प्रतिचुंबकीय उतार वजा करायला विसरणं हा दुसरा नेहमीचा घोळ, पण तो आलेखात लगेच दिसतो. चिमट्याचा दिसत नाही.

एकच राशी दोन्ही क्षेत्रांत मोजली जाते, तीही सांगायला हवी. इलेक्ट्रॉनचा g-गुणक, म्हणजे त्याचं चुंबकत्व आणि स्पिन (त्याची अंगभूत फिरकी) यांचं गुणोत्तर सांगणारा आकडा. पेनिंग ट्रॅपमध्ये एकटा इलेक्ट्रॉन ठेवून 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात g चा अर्धा 1.00115965218059 इतका आला. शंका आहे ती शेवटच्या दोन अंकांतच. तोच g फेरोमॅग्नेटिक रेझोनन्सने, म्हणजे चुंबकनाला मायक्रोवेव्हने डोलवून, परमॅलॉयमध्ये मोजला तर 2.1 च्या आसपास येतो, आणि तिसऱ्या अंकावर एकमत झालं तरी लोक खूश असतात. दोन्ही मापनं बरोबरच आहेत. मोकळा इलेक्ट्रॉन आणि निकेल-लोखंडाच्या जाळ्यातला इलेक्ट्रॉन यांत फरक आहे, कारण जाळ्यात कक्षीय गतीचा वाटा मिसळतो. फिल्मवाल्याला नेमका तो वाटाच हवा असतो. रेझोनन्सची वारंवारता किटेल यांच्या सूत्राने काढतात: फिल्मच्या प्रतलात 0.1 टेस्ला क्षेत्र दिलं, तर परमॅलॉयसाठी ती साडेनऊ गिगाहर्ट्झच्या आसपास येते. रेझोनन्सच्या रेषेच्या रुंदीवरून अवमंदन, म्हणजे ते डोलणं किती लवकर थांबतं, ते कळतं. परमॅलॉयमध्ये ते 0.007 च्या आसपास, तर चांगल्या यट्रियम-आयर्न-गार्नेट फिल्ममध्ये 10⁻⁴ च्याही खाली जाऊ शकतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ट्रॅप छोटे होत गेले, तसा पृष्ठभाग डोकं वर काढू लागला. चिपवर सपाट सोन्याचे इलेक्ट्रोड आणि त्यांच्या वर 40 ते 100 मायक्रॉनवर आयन, अशी रचना 2006 पासून रूढ झाली. लेझरने आयनाला किमान ऊर्जेपर्यंत थंड करून लेझर बंद केले, की आयन आपोआप तापू लागतो. इलेक्ट्रोडच्या विद्युतरोधातल्या औष्णिक गोंगाटाने, म्हणजे उष्णतेमुळे होणाऱ्या विद्युतक्षेत्राच्या चढउतारांनी, जेवढा तापायला हवा, त्याहून कितीतरी जास्त. आयन आणि पृष्ठभाग यांमधलं अंतर अर्धं केलं, की हा गोंगाट ढोबळमानाने सोळापट होतो. चिप द्रव हीलियमच्या तापमानाजवळ नेली, की तो शंभरपट किंवा त्याहून जास्त खाली येतो. अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेत 2012 मध्ये सोन्याच्या चिपवर ट्रॅपच्या आतच आर्गॉन आयनांचा मारा करून पृष्ठभाग साफ केला, तेव्हाही तो सुमारे शंभरपट उतरला. वर साचलेला होता दोन-तीन आण्विक थरांइतका कार्बनयुक्त मळ.

हे वाचल्यावर फिल्मवाल्याच्या तोंडून निघेल: एवढंच ना? कारण थर चढवण्याआधी सब्स्ट्रेट आर्गॉनने धुणं हे त्याचं रोजचं काम. 10⁻⁶ टॉरला (1 टॉर म्हणजे सुमारे 1.3 मिलिबार) जवळपास सेकंदाभरात पृष्ठभागावर वायूचा एक थर बसू शकतो, हा हिशोब त्याच्या बोटांवर असतो. 10⁻¹¹ मिलिबारला तोच थर बसायला दीड दिवसाहून जास्त लागतो. तरीही चिप मळते. ती हवेतून आलेली असते, आणि चेंबर भाजताना, म्हणजे बेकआउटमध्ये, भिंतींवरची घाणही तिच्यावर येऊन बसू शकते. अणुभौतिकीतून आलेला विद्यार्थी लेझरची रेषा किलोहर्ट्झमध्ये सांगतो. इलेक्ट्रोडवर शेवटचा थर कशाचा आहे असं विचारलं, तर “सोनं” म्हणून मोकळा होतो. सोन्याच्या वर काय आहे, ते खरं विचारायचं असतं.

दोन्ही क्षेत्रं मुद्दाम एकत्र आणता येतात का? येतात, आणि हेच मला सगळ्यात रंजक वाटतं. आयनांच्या साखळीवर चुंबकीय क्षेत्राचा उतार, म्हणजे जागेनुसार बदलत जाणारं क्षेत्र, ठेवला, तर प्रत्येक आयनाची वारंवारता वेगळी होते आणि लेझरऐवजी मायक्रोवेव्ह किंवा रेडिओलहरींनी एकेका आयनाशी बोलता येतं. ही कल्पना मिन्टर्ट आणि वुंडरलिश यांनी 2001 मध्ये मांडली. उतार निर्माण करायला तारेतून प्रवाह सोडता येतो किंवा कायमचुंबक ठेवता येतात. मग चिपवर चुंबकीय फिल्मच का चढवू नये?

हिशोब करून पाहू. पहिली गोष्ट नवख्याला चकवणारी: अनंत पसरलेल्या, एकसारखं चुंबकन असलेल्या फिल्मच्या बाहेर क्षेत्र शून्य असतं. क्षेत्र येतं ते कडांमधून. उभ्या चुंबकनाच्या फिल्मची कड म्हणजे चुंबकन गुणिले जाडी इतका प्रवाह वाहणारी तारच. चुंबकन मीटरला 5 लाख अँपिअर आणि एकूण जाडी 100 नॅनोमीटर धरली, तर हा प्रवाह 50 मिलिअँपिअर होतो. 50 मायक्रॉन अंतरावर त्याचं क्षेत्र 0.2 मिलिटेस्ला आणि उतार मीटरला 4 टेस्ला. कॅल्शियमचे दोन आयन 1 मेगाहर्ट्झच्या ट्रॅपमध्ये साधारण साडेपाच मायक्रॉनवर बसतात. म्हणजे दोघांच्या क्षेत्रात 22 मायक्रोटेस्लाचा फरक. मूळ पातळीतलं झीमन विभाजन, म्हणजे क्षेत्रामुळे ऊर्जापातळी फुटून पडणारा फरक, टेस्लाला 28 गिगाहर्ट्झ, म्हणून वारंवारतेत फरक 600 किलोहर्ट्झच्या आसपास. दोन आयन वेगवेगळे ओळखायला एवढं भरपूर झालं. आणि हा प्रवाह वाहायला वीज लागत नाही, की तारेसारखी चिप तापत नाही.

पण दोन आयनांमध्ये लॉजिक गेट, म्हणजे क्वांटम संगणकातली मूलभूत क्रिया, करायचं, तर आयनाच्या डोलण्याशी स्पिन जोडावा लागतो, आणि तिथे हा उतार तोकडा पडतो. कॅल्शियम आयनाचा शून्यबिंदू पसारा, म्हणजे किमान ऊर्जेतही उरणारं त्याचं डोलणं, सुमारे 11 नॅनोमीटर. तेवढ्या अंतरात वारंवारता हजार-बाराशे हर्ट्झच बदलते. 1 मेगाहर्ट्झच्या तुलनेत हा एक हजारांश झाला. 729 नॅनोमीटरच्या लेझरने हीच जोडणी 0.1 च्या आसपास मिळते. मग फिल्म दहापट जाड करा, आयन 30 मायक्रॉनवर आणा: उतार मीटरला 110 टेस्लापर्यंत जातो आणि जोडणी कामापुरती होते. पण अंतर घटताना त्याच्या चौथ्या घाताने वाढणारा तो पृष्ठभागाचा गोंगाट आता सुमारे आठपट झालेला असतो. त्यातच 1 मायक्रॉन जाडीच्या कोबाल्ट-प्लॅटिनममध्ये चुंबकन उभं आणि एकसंध ठेवणं जिकिरीचं. तेवढ्या जाडीला समॅरियम-कोबाल्टसारखा कठीण चुंबक बरा. म्हणून चुंबकीय फिल्मने लेझर हटणार असं कोणी सांगितलं, तर आधी त्याला अंतर आणि जाडी विचारावी.

अडचणी एवढ्यावर संपत नाहीत. पृष्ठभाग साफ करायला आर्गॉन मारायचा, तर खालच्या चुंबकीय थराला त्या आयनांची धग लागता कामा नये. आयनांच्या माऱ्याने कोबाल्ट-प्लॅटिनमच्या सीमा मिसळतात आणि चुंबकनाची दिशा बदलते. 1998 मध्ये याच गोष्टीचा उपयोग करून फिल्मवर चुंबकीय नक्षी काढून दाखवली गेली होती. म्हणून चुंबकीय थर तळाशी गाडून वर सोन्याचा जाड थर द्यायचा. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे इलेक्ट्रोडचा रेडिओप्रवाह सोन्यातून जातो, ऊर्जा वाया घालवणाऱ्या चुंबकीय धातूतून नाही. गार्नेटचं अवमंदन कमी, म्हणून ते मोहात पाडतं. पण ते विद्युतरोधक आहे. 397 नॅनोमीटरचा विखुरलेला प्रकाश उघड्या विद्युतरोधकावर पडला, की त्यावर भार साचतो आणि आयन आपल्या जागेवरून सरकतो. तेही झाकावंच लागतं.

तापमानाचं वेगळं. फिल्मचं चुंबकन अंशाला एक दशांश टक्क्याने बदलतं असं धरलं, तर 0.2 मिलिटेस्लात 0.2 मायक्रोटेस्लाचा फरक पडतो, म्हणजे साडेपाच किलोहर्ट्झ. चिपचं तापमान मिलिकेल्विनमध्ये धरलं तर हे काही हर्ट्झवर येतं. कायमचुंबकाची बदनामी इथेच होते, ती थोडी अन्यायकारक आहे. जर्मनीतल्या माइन्झच्या गटाने 2016 मध्ये कॉइल काढून समॅरियम-कोबाल्टचे चुंबक लावले, भोवती बाहेरचं क्षेत्र अडवणाऱ्या म्यू-मेटलचं कवच ठेवलं, आणि क्षेत्राला सरळ प्रतिसाद देणाऱ्या कॅल्शियमच्या क्यूबिटला (क्वांटम माहितीच्या एककाला) दोन सेकंदांहून जास्त सुसंगतता, म्हणजे क्वांटम स्थिती टिकण्याचा काळ, मिळवली. कॉइलला वीजपुरवठ्याचा गोंगाट असतो, चुंबकाला नसतो. आणि म्यू-मेटल तरी काय, परमॅलॉयचाच जाड भाऊ.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. दोन्हींत काम करता येईल, पण एकाच वेळी सुरुवात करू नका. फिल्मच्या प्रयोगशाळेत आठवड्याला नवी सॅम्पल निघतात, चुका लवकर कळतात, आणि एक्स-रे परावर्तनाने जाडी, केर परिणामाने (परावर्तित प्रकाशाच्या बदलावरून) हिस्टेरेसिस, म्हणजे क्षेत्र वाढवता-घटवताना चुंबकनाचा वक्र, व्हायब्रेटिंग सॅम्पल मॅग्नेटोमीटरने आघूर्ण, असं एकाच थराकडे चार बाजूंनी बघायची सवय लागते. ट्रॅपमध्ये पहिला आयन दिसायलाच बराच काळ जाऊ शकतो, आणि नंतर त्याच एका यंत्राशी वर्षानुवर्षं संसार करायचा असतो. ज्याला लवकर निकाल हवा असतो, तो तिथे खचतो. म्हणून पीएच.डी. फिल्ममध्ये आणि पुढची दोन-तीन वर्षं ट्रॅपमध्ये, हा क्रम मी सुचवेन. तुम्हाला इलेक्ट्रॉनिक्स आणि लेझर मनापासून आवडत असतील, तर उलटा क्रमही चालेल.

गट निवडताना ट्रॅपवाल्यांना आयन तापण्याचा वेग आणि इलेक्ट्रोडपासूनचं अंतर विचारा. दोन्ही आकडे लगेच सांगता आले तर गट पृष्ठभागाकडे लक्ष देतो असं समजा. फिल्मवाल्यांना एकाच रेसिपीने सहा महिन्यांच्या अंतराने काढलेले दोन हिस्टेरेसिस वक्र दाखवायला सांगा.

आणि दोन्ही विषय जोडायचेच असतील, तर पहिला प्रयोग चिपशिवाय, आयनाशिवाय करता येतो. तुमची चुंबकीय फिल्म वर सोनं घालून साध्या सिलिकॉनच्या तुकड्यावर चढवा, आधी वक्र मोजा, मग ती निर्वातात 150 ते 200 अंश सेल्सियसला आठवडाभर भाजा, म्हणजे ट्रॅपच्या बेकआउटमध्ये तिचं जे होणार तेच आधी करा, आणि पुन्हा मोजा. निओडिमियमच्या चुंबकांना ही परीक्षा सहसा झेपत नाही, समॅरियम-कोबाल्टला झेपते. कोबाल्ट-प्लॅटिनममध्ये उभ्या दिशेचा वक्र तसाच चौकोनी राहिला, तर पुढचं बोलता येईल. तो तिरका झाला असेल, तर सीमा मिसळल्या. प्लॅटिनमची जाडी आणि पायाथर बदलून पुन्हा भाजा.